गोठा, शेत आणि आरोग्य : इंदूरच्या तीनशे एकरांची कथा

मुंबईच्या इतिहासात १८३४ हे वर्ष जीवदयेच्या दृष्टीने चिरस्मरणीय आहे. त्याआधी दोन वर्षे, १८३२ साली, सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला होता. त्याविरुद्ध शहरात दंगा उसळला. त्या प्रक्षोभानंतर जमशेटजी जीजीभॉय आणि शहरातील जैन-हिंदू शेठ मंडळींच्या पुढाकाराने ‘बॉम्बे पांजरापोळ’ ही संस्था उभी राहिली. म्हातारे, लंगडे, दूध आटलेले जनावर कोठे जाणार, या प्रश्नाला आपल्या पूर्वजांनी दिलेले ते उत्तर होते. परंतु त्याच्या आधीचा एक प्रश्न उरतोच. जनावर मुळात आजारी का पडते? ते निरोगी राहावे यासाठी त्याच्या चाऱ्यात, आणि तो चारा ज्या मातीत उगवतो त्या मातीत, काय असावे लागते? या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा झाला तो सुमारे शतकानंतर, होळकरांच्या इंदुरात. आज बाजारात ‘ऑरगॅनिक’ या नावाने जे धान्य आणि दूध महाग दराने विकले जाते, त्याच्या विचाराचे एक मूळ या मराठी संस्थानच्या राजधानीत आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्या काळी गोठ्यावर येणाऱ्या संकटांची नावे आजही खेड्यातील वृद्धांच्या तोंडी आहेत : बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत. यांतील बुळकांडी सर्वांत भयंकर. ती गावात शिरली की गोठेच्या गोठे रिकामे होत. बैल गेला की पेरणी बुडे आणि पेरणी बुडाली की घर बुडे. इंग्रज सरकारने १८८९ साली पुण्यात ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन केली ती मुख्यतः याच कारणाने. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. असल्या जंतूंवरचे काम भर वस्तीत नको म्हणून १८९३ साली ही प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. १८९७ साली खुद्द रॉबर्ट कॉख तेथे येऊन गेले. रोगाचे जंतू शोधावेत, त्यांवर लस काढावी, हा या संस्थेचा मार्ग होता.

दुसरा मार्ग चोखाळणारे गृहस्थ म्हणजे आल्बर्ट हॉवर्ड. जन्म १८७३, इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील शेतकरी कुटुंबात; शिक्षण केंब्रिजला. १९०५ साली ते बिहारमधील पुसा येथील नव्या कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही तितक्याच अधिकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. या दांपत्याने पुशाला गव्हाच्या ज्या सुधारित जाती काढल्या, त्यांतील ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ दूरवर पसरल्या. हॉवर्डांचे वैशिष्ट्य असे की, आपल्याला शेती शिकविणारे खरे प्राध्यापक दोनच, भोवतालचे शेतकरी आणि पिकांवरची कीड, असे ते मोकळेपणाने सांगत. कीड पडली तर पिकाच्या संगोपनात कोठे चुकले ते शोधावे, अशी त्यांची भूमिका होती.

हाच विचार त्यांनी गोठ्याला लावला. शेतावर बैल लागतातच. आपल्या बैलांचा गोठा, वैरण आणि निगा आपल्याच देखरेखीखाली असावी, असा आग्रह त्यांनी धरला. सुपीक, शेणखत घातलेल्या जमिनीत वाढलेला हिरवा चारा, मुरघास आणि धान्य एवढ्यावर ते बैल पोसले गेले. त्यांना लस टोचली नाही की वेगळे बांधले नाही. शेजारी संस्थेचा मोठा गोठा होता आणि मध्ये फक्त एक ठेंगणे कुंपण. त्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत वारंवार येई. आपले बैल रोगी जनावरांच्या नाकाला नाक घासताना आपण अनेकदा पाहिले, तरीही त्यांना काही झाले नाही, असे हॉवर्ड यांनी लिहून ठेवले आहे. १९१० ते १९३१ या एकवीस वर्षांत पुसा, क्वेट्टा आणि इंदूर अशा तीन भिन्न हवामानांच्या ठिकाणी त्यांनी हे निरीक्षण चालू ठेवले. चांगली माती, त्यातून चांगला चारा, त्यातून निरोगी जनावर आणि त्याच्या शेणामुतातून पुन्हा चांगली माती असे हे वर्तुळ आहे. ते कोठेही तुटले की रोग शिरतो, असा त्यांचा निष्कर्ष.

पुशाला मात्र त्यांचे मन रमेना. तेथे एक तज्ज्ञ पीक पाही, दुसरा माती, तिसरा कीटक आणि चौथा बुरशी. शेतकऱ्याचे शेत असे तुकड्यांत नसते. १९२४ साली इंदूर दरबारने दिलेल्या तीनशे एकर जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ स्थापन झाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. खर्चाचा मोठा वाटा ‘इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी’ने उचलला, काही भार मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी. म्हणजे पैसा कापसाचा होता. पण हॉवर्डांच्या मते कापसाचा प्रश्न मातीचा होता आणि मातीचा प्रश्न गोठ्याचा.

येथे आपल्याला भेटतात यशवंत वाड. रसायनशास्त्राचे हे अभ्यासक संस्थेत हॉवर्डांचे सहकारी होते. शेतातील टाकाऊ माल आणि गोठ्यातील शेणमूत यांपासून नियमितपणे, मोजूनमापून खत कसे करावे, याची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली, तिचा मूळ ग्रंथ १९३१ साली निघाला. ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर’ हे त्याचे नाव. त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत : आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. पुढे हॉवर्ड ‘सर’ झाले, त्यांचे एकट्याचे ग्रंथ गाजले, आणि सेंद्रिय शेतीचे प्रणेते म्हणून त्यांचेच नाव सर्वत्र घेतले जाऊ लागले. वाड यांचे नाव तळटिपांत गेले. सेंद्रिय शेतीवरील मराठी पुस्तकांनी तरी ते वर आणावयास हवे होते.

पद्धत अशी. शेतात जे जे म्हणून उरते, कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, उसाचे पाचट, तण, पालापाचोळा, ते सारे वाळवून साठवावयाचे. पऱ्हाट्या टणक असतात, त्या लवकर कुजत नाहीत. यंत्र आणावयास पैसा नाही. म्हणून संस्थेत त्या सरळ रस्त्यावर पसरून ठेवीत. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्या आपोआप चेचल्या जात. हा माल रोज रात्री बैलांखाली बिछायत म्हणून अंथरावयाचा. सकाळी शेणामुताने भिजलेली बिछायत उचलून खड्ड्यात थर द्यावयाचे. खड्डा साधारण ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ ते ३ फूट खोल. प्रत्येक थरावर शेणकाला, थोडी राख आणि गोठ्यातील मूत मुरलेली माती. ओलावा इतकाच की माल पिळलेल्या फडक्यासारखा राहावा. खड्डा दाबावयाचा नाही, कारण आत हवा खेळली पाहिजे. नंतर ठरावीक अंतराने तीन वेळा वर-खाली करावयाचे. सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, दुर्गंध नसलेले खत तयार होते.

यांतील रसायन समजून घेण्याजोगे आहे. वाळलेल्या काडीकचऱ्यात कर्ब फार आणि नत्र थोडे असते. आरंभी मिश्रणात सुमारे ३३ भाग कर्बाला एक भाग नत्र असे प्रमाण साधले, तर आधी बुरशी आणि मग जिवाणू आपले काम नीट करतात, आणि अखेरीस हे प्रमाण साधारण १० ला १ वर येऊन ठेपते. असे खत जमिनीत गेले की पिकाला नत्र सहज मिळते. कच्चा काडीकचरा तसाच गाडला, तर तो कुजविणारे सूक्ष्म जीव जमिनीतलेच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. ‘शेणखत चांगले’ हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. किती, कशात मिसळून, किती दिवस, याचे उत्तर इंदूरने आकड्यांत दिले. चीनमधील शेतकऱ्यांच्या खतपद्धतीवर एफ. एच. किंग या अमेरिकन अभ्यासकाने १९११ साली लिहिलेल्या ग्रंथाचे ऋण हॉवर्ड मान्य करीत; पण त्या परंपरेला मोजमापाची जोड इंदुरातच मिळाली.

एक गोष्ट येथे स्पष्ट केलेली बरी. खताचा ढीग सुरुवातीला चांगलाच तापतो, आणि त्या उष्णतेत तणांच्या बियांबरोबर माश्यांच्या अळ्याही मरतात. आपल्या शास्त्रकारांनी श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत जमीन खणण्या-फोडण्याच्या व्यवसायाला ‘फोडीकर्म’ म्हणून स्थान दिले, ते असल्याच विचाराने. दुसरीकडे सांगली-कोल्हापूर भागातील आपले हजारो बांधव कित्येक पिढ्या शेतीच करीत आले आहेत. शेती निर्दोष नाही आणि तिच्यावाचून भागतही नाही. अशा वेळी विषारी फवारा आणि खतखड्डा यांतील अल्पदोषाचा मार्ग कोणता, हे वाचकांनीच ठरवावे.

इंदूरची कीर्ती लवकरच पसरली. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले महात्मा गांधी ही संस्था पाहावयास गेले आणि या खतपद्धतीचा त्यांनी ‘हरिजन’मधून पुरस्कार केला. हॉवर्ड तोवर मायदेशी परतले होते. गॅब्रिएल १९३० सालीच निवर्तल्या होत्या. १९४० साली हॉवर्ड यांचा ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी आपल्या पुस्तकात ‘ऑरगॅनिक’ शेती हा शब्दप्रयोग रूढ केला. १९४६ साली इंग्लंडमध्ये ‘सॉइल असोसिएशन’ स्थापन झाली. तिच्या एक संस्थापक लेडी ईव्ह बाल्फोर यांनी सफोकमधील हॉले येथे १९३९ पासूनच एका शेताचे भाग पाडून सेंद्रिय आणि रासायनिक पद्धतींची प्रदीर्घ तुलना चालविली होती, त्यांत दुभत्या गायीही होत्या. माळव्यातील बैलांवरून निघालेला प्रश्न असा इंग्लंडच्या गायींपर्यंत पोहोचला.

आता या संशोधनाचे मूल्यमापन. आदरापोटी ते टाळणे योग्य होणार नाही. हॉवर्ड यांचे बैलांविषयीचे निरीक्षण प्रामाणिक आहे. परंतु शास्त्रीय अर्थाने तो प्रयोग नव्हे. एकाच जातीचे, एकाच वयाचे बैल दोन गटांत विभागून एकाला चांगला आणि दुसऱ्याला निकस चारा दिला, असे तेथे झाले नाही. शिवाय देशी गोवंशात लाळ्या-खुरकूत मुळातच सौम्य असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते ओढकामाचे बैल होते. दुभत्या गायीच्या शरीरावर पडणारा ताण, रोज कासेतून बाहेर जाणारे कॅल्शियम, कासेला होणारी सूज म्हणजे दगडी किंवा कासदाह, हे प्रश्न बैलाला नसतात.

बुळकांडीचे तर इतिहासानेच उत्तर दिले आहे. मुक्तेश्वरला १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्‌स यांनी या रोगाचा विषाणू शेळ्यांमधून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केला आणि त्यापासून लस तयार झाली. शेळ्यांना वेठीस धरणारा हा तपशील आपल्याला रुचणारा नाही. पुढे पेशींवर वाढविलेली अधिक सुरक्षित लस आली आणि देशभर मोहिमा झाल्या. भारतात बुळकांडीचा शेवटचा प्रादुर्भाव १९९५ सालचा; २०११ साली हा रोग जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर मानवाने पृथ्वीवरून घालविलेला हा दुसराच रोग. हे काम लसीने केले, खताने नव्हे. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हाही महाराष्ट्रातील गोधन वाचविण्यासाठी लसीकरणाचाच आधार घ्यावा लागला. लस नको, सकस चारा पुरे, असे जे आज हॉवर्डांचा दाखला देऊन सांगतात, त्यांच्या सांगण्यावर आपल्या गोशाळांनी विसंबू नये.

मग हॉवर्ड आणि वाड चुकले का? साथीच्या रोगांबाबत त्यांचा दावा टिकला नाही. परंतु माती, पीक आणि जनावर ही एकच साखळी आहे, हे म्हणणे मात्र पुढच्या संशोधनाने पक्के केले. महाराष्ट्रातील अनेक जमिनींत जस्त कमी आहे. मातीत नाही म्हणून वैरणीत नाही, वैरणीत नाही म्हणून जनावरात नाही. मग गाय वेळेवर माजावर येत नाही, गाभ धरत नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने निरनिराळ्या भागांतील वैरणींची खनिजे तपासून त्या-त्या भागासाठी वेगळी खनिज मिश्रणे सुचविली, ती याच कारणाने.

याहून घरचे उदाहरण उसाच्या वाढ्यांचे. कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीच्या हंगामात फुकटात किंवा स्वस्तात मिळणारी वाढी जनावरांपुढे महिनोन्‌महिने टाकली जातात. वाढी हिरवीगार दिसतात, जनावर आवडीने खाते. पण त्यांत ऑक्झॅलेट असते. ते चाऱ्यातील आणि अंगातील कॅल्शियम बांधून टाकते. दुभती गाय अशक्त होते, दूध घटते, व्याल्यानंतर तिला उठवत नाही. पशुवैद्य सांगतात की वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, सोबत कडबा आणि लसूणघास द्यावा. पिकाची निवड आणि गायीचे आरोग्य यांचा संबंध याहून सोपा करून सांगता येणार नाही.

महाराष्ट्रात गोठ्याचा विचार ज्यांनी आयुष्यभर केला त्या मणिभाई देसाई यांचे स्मरण येथे अगत्याचे आहे. १९४६ साली गांधीजींबरोबर ते उरुळी कांचनला आले आणि तेथील निसर्गोपचार आश्रमाच्या गोठ्यात गीर गायींची जोपासना करू लागले. १९६७ साली त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. शेतकऱ्याच्या दारात जाऊन कृत्रिम रेतन, होल्स्टीन-जर्सीचा संकर, सुबाभूळ आणि लसूणघासासारखा चारा, असा तिचा कार्यक्रम होता. संकरित गायीने गरीब घरात रोजचा पैसा आणला, हे निर्विवाद. पण ती गाय गोचीड-ताप, उष्मा आणि कासदाह यांना देशी गायीहून लवकर बळी पडते आणि तिला वैरण अधिक लागते, हेही तितकेच खरे. मणिभाईंना हे कळत होते. म्हणूनच संकराबरोबर चाऱ्याच्या पिकांचे काम त्यांनी सोडले नाही.

आणि आपली मुंबई? चारकोपपासून दोन-तीन स्थानकांवर, गोरेगावच्या पूर्वेला, १९४९ साली ‘आरे दुग्ध वसाहत’ उभी राहिली. शहरातील कोंदट तबेल्यांतून हजारो म्हशी तेथे हलविण्यात आल्या. मुंबई राज्याचे दुग्ध आयुक्त दारा खुरोडी हे या योजनेचे शिल्पकार. १९६३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरेमध्ये गोठे धुतल्यावरचे शेणपाणी पॅरा गवताच्या शेतांना दिले जाई आणि ते गवत पुन्हा म्हशींपुढे येई. इंदूरचे वर्तुळ येथे मर्यादित प्रमाणात का होईना, फिरत होते. शहरातल्या तबेल्यांत मात्र ते साफ तुटले. गुजरात-हरियाणातून व्यालेली म्हैस आणावयाची, बाहेरून वैरण आणि पेंड विकत घ्यावयाची, दूध आटले की म्हैस काढून टाकावयाची. रेडकाला तर कोणी वाली नाही. शेणाचे काय झाले? दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या आपल्या परिसरातील नद्यांना विचारावे. इंदूरला जे सोन्यासारखे जपले जात होते, ते येथे वर्षानुवर्षे गटारातून खाडीत गेले. दूध हा अहिंसक आहार आहे, असे आपण सहज म्हणतो. त्या आटलेल्या म्हशीचे पुढे काय होते, हे विचारल्यावर ते तितक्या सहज म्हणता येत नाही.

आज ‘ऑरगॅनिक’ दुधावर अधिकृत मानके आहेत. या मानकांत लस वर्ज्य नाही. प्रतिजैविकांचा सरसकट, रोग नसताना वापर मात्र वर्ज्य आहे. अमेरिकेत गायीला प्रतिजैविक दिले, तर तिचे दूध पुन्हा कधीही ‘ऑरगॅनिक’ म्हणून विकता येत नाही; युरोपात ठरावीक काळ थांबून विकता येते. पण शिक्का टिकावा म्हणून आजारी गायीला औषध न देणे, याला अमेरिकन नियमांतही मनाई आहे. परदेशी कायद्यातील हे कलम आपल्या जीवदयेच्या जवळ येणारे आहे. सेंद्रिय गोठ्यांत कासदाह कमी असतो का? परदेशातील अनेक पाहण्यांतून ठाम फरक दिसत नाही. गोठ्याची स्वच्छता आणि दूध काढणाऱ्याचा हात यांवर अधिक अवलंबून असते. कुरणात चरणाऱ्या गायीच्या दुधात ओमेगा-३ मेदाम्ले जास्त असतात, हे सिद्ध आहे. अलीकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप कासदाहावर वापरण्याची परंपरागत रीत तपासून तिचा प्रसार चालविला आहे. प्रतिजैविकांची गरज त्यामुळे कमी व्हावी, हा उद्देश.

इंदूरच्या त्या जमिनीवर पुढे कृषी महाविद्यालय आले. हॉवर्ड आणि वाड यांच्या प्रयोगातील एक लहानसा तपशील मात्र आपल्या पांजरापोळांच्या विश्वस्तांनी आवर्जून पाहण्यासारखा आहे. ते सारे खत दूध न देणाऱ्या जनावरांपासून, म्हणजे बैलांपासून झाले होते. प्रौढ जनावर दिवसाला साधारण दहा किलो किंवा त्याहूनही अधिक शेण देते, आणि दूध आटले म्हणून त्यात खंड पडत नाही. शेणापेक्षाही मूत्रात नत्र अधिक सहज मिळते. म्हणूनच इंदूरच्या गोठ्याची जमीन मुद्दाम मातीची ठेवलेली असे. दर तीन-चार महिन्यांनी वरची मूत मुरलेली माती खणून खतखड्ड्यासाठी साठवीत आणि तेथे नवी माती भरीत. आपल्या बहुतेक गोशाळांत आता सिमेंटची फरशी आहे. ती रोज पाण्याने धुतली जाते, आणि ते पाणी कोठे जाते हे पाहावयाचे असेल तर फरशीच्या उतारावरून चालत शेवटच्या मोरीपर्यंत जावे लागेल.